नकाशात नसलेला शुक्रवार : म्हापशाच्या बाजाराचे परीक्षण

उत्तर गोव्यातल्या म्हापशाच्या बाजाराबद्दल जे लिहिले जाते त्यात बहुतेक वेळा काय घ्यावे याचीच यादी असते. मयड्याची केळी, हरमलच्या मिरच्या, चोरीस (गोव्याचे मसालेदार डुकराच्या मांसाचे सॉसेज), सोलां (कोकमाची सुकी साले), डिचोलीकडची मातीची भांडी. यादी बरोबर आहे, आणि माल खरोखरच चांगला असतो. हे परीक्षण मात्र जागेचे आहे. नगरनियोजनात ज्याला प्लेसमेकिंग म्हणतात, म्हणजे नुसत्या मोकळ्या जमिनीची माणसांना आपली वाटेल अशी जागा करणे, त्या कसोटीवर हा बाजार कुठे उतरतो आणि कुठे कमी पडतो, ते आम्ही इथे पाहतो आहोत.

बाजाराची आजची पक्की बांधणी १९६० च्या सुमाराची, पोर्तुगीज राजवट संपायच्या जरा आधीची. तो काळ महत्त्वाचा आहे. १९६० सालीच अमेरिकेत केव्हिन लिंच यांनी शहर माणसाच्या डोक्यात कसे उमटते याचा अभ्यास मांडला. १९६१ मध्ये जेन जेकब्ज यांनी मोठमोठ्या पाडापाडीच्या योजनांना आव्हान दिले. १९६२ मध्ये कोपनहेगनने आपला मुख्य बाजाररस्ता, स्ट्रॉयट, मोटारींना बंद केला. त्याआधीची तीस वर्षे १९३३ च्या अथेन्स सनदेच्या, म्हणजे आधुनिक नगररचनाकारांच्या जाहीरनाम्याच्या, विचाराची होती: राहणे, काम, विरंगुळा आणि वाहतूक यांना वेगवेगळे कप्पे द्यायचे. बाजार नावाची गोष्ट या कप्प्यांत बसतच नाही. तिथे काम चालते, विरंगुळा चालतो, सोयरिकी जुळतात, निरोप दिले-घेतले जातात आणि वाहतूक तर दिवसभर अंगावर येते. जगभरचे नियोजनकार जे तेव्हा नव्याने शिकत होते ते बार्देशातल्या, म्हणजे म्हापशाच्या तालुक्यातल्या, गावांना आधीपासून ठाऊक होते, म्हणून म्हापशात शेड बांधताना ते आपसूक जपले गेले: दुकानांच्या ओळी, मधली मोकळी अंगणे, एका प्रकारच्या मालाला एक गल्ली.

आता मूळ मुद्दा. म्हापशात बाजार एक नाही, दोन आहेत. एक छपराखालचा, रोजचा. दुसरा शुक्रवारचा, जो गोणपाटांवर भरतो आणि संध्याकाळी गुंडाळला जातो. भूवापर नकाशाच्या रूढ संकेतात व्यापारी वापराला निळा रंग देतात. त्या निळ्यात दुकान दिसते, गोणपाट दिसत नाही. नकाशा जागा दाखवतो, वार दाखवत नाही. आणि हा बाजार तर वारावर उभा आहे.

गोव्यात यासाठी एक नेमका शब्द आहे: सोपो. घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दोन्ही बाजूंना बांधलेली बैठक म्हणजे सोपो, आणि बाजारात बसण्यासाठी दिवसाचा जो कर भरायचा तोही सोपोच. एका शब्दात बसणेही आले आणि बसण्याचा हक्कही आला. प्लेसमेकिंगची पुष्कळ पुस्तकी व्याख्याने ऐकण्यापेक्षा हा एक शब्द नीट समजून घेतला तर जास्त उपयोग होतो. पावती हातात पडली की तेवढी जमीन संध्याकाळपर्यंत त्या बाईची. तिच्यासाठी ती जागा होते, आणि तिच्यामुळे आपल्यासाठीही.

एक बैठक जवळून पाहा. पेडण्याच्या किंवा बार्देशाच्या गावातून आलेली बाजारकरीण साधारण १ मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल गोणपाट अंथरते. त्यावर माल वाट्यांनी मांडते: पाच-सहा वांगी एका वाट्यात, लाल भाजीच्या जुड्या, आंबाडे, ओली हळदीची पाने. वाटे सारखे केलेले असतात, त्यामुळे तराजू लागत नाही आणि भाव एकदाच सांगून भागते. ती स्वतः मागे पाटावर किंवा उलट्या टोपलीवर, जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर उंचीवर बसते. पाठीमागे उरलेला माल, पाण्याची बाटली, छत्री, डबा. सगळे धरून खोली दीड मीटर. समोर वाकून भाजी निवडणाऱ्या गिऱ्हाइकाला ६० सेंटिमीटर लागतात. पिशव्या घेऊन जाणाऱ्या माणसाला ७५. म्हणजे दोन्ही बाजूंना बैठका असलेल्या गल्लीत दोन वाकलेली आणि दोन चालणारी माणसे धरली तर गोणपाटाच्या काठापासून काठापर्यंत २.७ मीटर मोकळे हवेत. हे गणित बाजार पाहायला जाणाऱ्या कुणालाही करता येते: मोठ्या माणसाचे साधे पाऊल ७० ते ७५ सेंटिमीटरचे, म्हणजे चार पावले पडली तर गल्ली ठीक. तीनच पडली तर तिथे पाठीला पाठ आणि पिशवीला पिशवी लागते, आणि गिऱ्हाईक वाकायचे सोडून पुढे सरकते. चालणारा माणूस विकत घेत नाही, थांबलेला घेतो. म्हणून अरुंद गल्लीतल्या बाईचा माल दुपारपर्यंत पडून राहतो आणि ती शेवटी दर पाडते.

म्हापशात शुक्रवारी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान चार पावलांच्या गल्ल्या आणि तीन पावलांच्या गल्ल्या असे दोन्ही प्रकार भेटतात. तीन पावलांच्या बहुतेक प्रवेशाजवळ आहेत. त्याचे कारण आहे, आणि ते बाजाराच्या व्यवस्थेतले सर्वांत अवघड दुखणे आहे.

गिऱ्हाईक आत यायच्या आधी जो भेटतो त्याचा माल आधी खपतो. म्हणून आतली एक बाई उठून दाराशी बसते. तिच्यामुळे तिच्या मागच्या दहाजणींची गिऱ्हाइके कमी होतात, मग त्याही बाहेर सरकतात. महिन्याभरात आतले ओटे रिकामे आणि दारात कोंडी. गोव्यात असो की बाहेर, बाजाराचे नवे बांधकाम झाले की हे हमखास घडते, आणि दर वेळी दोष विक्रेत्यांच्या शिस्तीला दिला जातो. दोष मांडणीचा असतो. उपायही मांडणीचेच आहेत. दारापासून आत पहिले पाच मीटर कुणालाच न देणे, एकालाही अपवाद नाही. आतल्या जागेचा सोपो कमी आणि कडेच्या जागेचा जास्त ठेवणे. ज्या मालासाठी लोक मुद्दाम येतात, मासळी, चोरीस, केळी, तो खोलवर ठेवणे, म्हणजे तिथवर जाताना बाकीचे विक्रेते वाटेत लागतात. बाजारात एकच दार असेल तर हे काहीच चालत नाही. किमान तीन बाजूंनी आत येता आले पाहिजे, म्हणजे ‘दारातली जागा’ ही एकच मोलाची जागा उरत नाही. म्हापशाचा जुना आराखडा या शेवटच्या बाबतीत चांगला आहे. बाजारात अनेक बाजूंनी शिरता येते, आणि हा त्याचा मोठा गुण आहे.

लिंच यांनी शहर ओळखण्याच्या पाच गोष्टी सांगितल्या: वाट, कड, विभाग, गाठ आणि खूण. म्हापशात पाचही आहेत, फक्त खूण डोळ्यांपेक्षा नाकाला आधी कळते. सुक्या मासळीची गल्ली, चोरिसाच्या माळांची, मिरच्यांची, फुलांची. पाटी वाचावी लागत नाही. विभाग ठळक असल्याने नवखा माणूस दुसऱ्या फेरीत स्वतः वाट काढू शकतो, आणि एकाच मालाचे दहाजण शेजारी बसल्याने भाव आपोआप ताळ्यावर राहतो. मात्र हे विभाग कोणत्या दिशेला ठेवायचे हेही ठरवावे लागते. किनारपट्टीवर दुपारी वारा पश्चिमेकडून, समुद्राकडून येतो. सुकी मासळी आणि मिरच्या पूर्वेच्या अंगाला असाव्यात, फुले आणि कपडे पश्चिमेला. उलट झाले तर दुपारी बारानंतर फुलवाल्यांकडे कुणी थांबत नाही आणि कापडाला मिरचीची खाट बसते.

सावलीबद्दल थोडे सविस्तर, कारण गोव्यात याच बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. म्हापसा साधारण १५.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच पडते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर असतो आणि ३ मीटर उंच पागोळीची (छपराच्या पुढे आलेल्या कडेची) सावली उत्तरेला जवळजवळ अडीच मीटर पडते. म्हणून जो आराखडा डिसेंबरात पाहून ‘छान सावली आहे’ असा शेरा मिळवतो तो मेमध्ये उघडा पडतो. आणि मे हाच तर पुरुमेंताचा महिना. पावसाळ्याची बेगमी म्हणून कांद्याच्या माळा, सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोलां, मीठ घ्यायला सगळा तालुका लोटतो तेव्हा बाहेरच्या रांगांवर एकही सावली नसते. मग प्रत्येकजण आपापली ताडपत्री बांधतो. दोऱ्या खांबाला, खिडकीला, मिळेल तिथे, आणि बऱ्याचदा दीड-पावणेदोन मीटर उंचीवर. पादचारी मार्गांसाठीच्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत डोक्यावर किमान २.२ मीटर मोकळे सांगितले आहेत. यावर खर्चिक छप्पर हा उपाय नाही. बाहेरच्या रांगांच्या दोन्ही कडांना ३ मीटर अंतरावर जमिनीत पाइपाच्या बैठका पुरून ठेवायच्या, वर झाकण. शुक्रवारी त्यात २.४ मीटरचे खांब उभे करायचे, कापड वरून ओढायचे, संध्याकाळी काढायचे. शनिवारी जमिनीवर झाकणाखेरीज काही दिसत नाही. वार ओळखणारी रचना असते ती अशी.

पावसाचे गणित वेगळे. गोव्याच्या किनारी भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यासह तिरका. पागोळी ६० सेंटिमीटरची असेल तर पहिली दीड हात जमीन चार महिने विक्रीला निरुपयोगी होते. किमान १.२ मीटर हवी. फरसबंदीला २ टक्के उतार, म्हणजे दर मीटरला २ सेंटिमीटर. इंटरलॉकिंग पेव्हर बसवणार असाल तर खालच्या वाळूचा थर ३० मिलिमीटरच्या आसपास सारखा हवा आणि कडेला काँक्रीटची पट्टी पक्की हवी. कड सुटली की पहिल्याच पावसात वाळू वाहून जाते, पेव्हर डुलू लागतात, आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईचा पाय तिथेच मुरगळतो. हातगाडी आणि टेम्पो जिथे चालतात तिथे ६० मिलिमीटरचे पेव्हर वापरणे ही काटकसर नाही, नुकसान आहे. तिथे ८० मिलिमीटरच लागतात. पाणी जिरवायचे म्हणून पेव्हरच्या फटी मोकळ्या ठेवा असा सल्ला हल्ली दिला जातो. बागेत तो ठीक आहे. भाजीबाजारात त्या फटींत पाला आणि माती भरते आणि तिसऱ्या आठवड्यापासून वास येतो.

मासळीचा विभाग हा कुठल्याही बाजाराचा कस. ओट्याची उंची ७५ ते ९० सेंटिमीटर, पृष्ठभागाला मागे गटाराकडे उतार, कोपरे गोल. चौकोनी कोपऱ्यात खवले अडकतात आणि ब्रश पोहोचत नाही. गटाराच्या तोंडाशी खवले अडवणारी जाळी हवी, आणि ती हाताने उचलता आली पाहिजे. स्क्रूने बसवलेली जाळी कुणी काढत नाही आणि तुंबली की तोडून टाकतात. जमिनीला उतार १:६० च्या आसपास. बर्फ दिवसभर वितळत असतो, म्हणून पाणी फक्त धुण्याच्या वेळी येत नाही हे लक्षात घ्यावे लागते. ओट्यांमधल्या वाटेत पाणी साचलेले दिसले तर त्याचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते: गटार भिंतीच्या कडेने काढले आणि उतार मधल्या वाटेकडे गेला. जाताना पायात रबरी चप्पल घालावी, चामड्याची नको. ताजी मासळी हवी तर सकाळी लवकर जावे. दहानंतर गर्दी दुप्पट आणि निवड निम्मी.

आता बाजाराची खरी उणीव: गिऱ्हाइकाला बसायला कुठेच जागा नाही. विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसे कुठे बसतात ते नोंदवले. निष्कर्ष इतका साधा की आधी कुणाला सुचला नाही: जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. त्यांच्या कामावरून त्या शहराने मोकळ्या चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक असा नियम केला. म्हापशाला तो जसाच्या तसा लावू नये. गल्लीत बाक ठेवले तर पहिल्याच शुक्रवारी त्यांवर माल मांडला जाईल, आणि ते योग्यच होईल. बैठका कडेला हव्यात: खांबांच्या भोवती, भिंतीला लागून, बसस्थानकाच्या बाजूला, ४५ सेंटिमीटर उंच आणि ४० रुंद, चिऱ्याच्या, वर गुळगुळीत कडाप्पा. म्हणजे घराच्या सोप्याचीच मापे. दर तीस-चाळीस मीटरवर एक असली तरी दोन पिशव्या घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा बाजार पुरा होतो. त्यांच्याच जोडीला छातीच्या उंचीचा, १.२ मीटरच्या आसपासचा एखादा कट्टा, डोक्यावरची टोपली कुणाच्या मदतीशिवाय टेकवायला. हे कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही, पण इथे त्याची गरज रोज दिसते.

शौचालयाचा प्रश्न आम्ही बैठकीपेक्षाही वरचा धरतो. सकाळी सहा-सातला आलेली बाई संध्याकाळी पाचपर्यंत बसते. बैठक सोडून ती जाते तेव्हा शेजारीण लक्ष ठेवते, तेही पाच-सात मिनिटेच. म्हणून शौचालय किती आहेत यापेक्षा ते किती दूर आहे हे मोजावे. शंभर मीटर, म्हणजे दीड मिनिटाची चाल, ही आमच्या मते कमाल मर्यादा. त्यापुढे गेले की बायका दिवसभर पाणी पिणे टाळतात. बाहेरच्या रांगांतल्या बायकांना यातले काहीच सोयीचे नाही. जागेचे कितीही कौतुक केले तरी ज्या जागेवर बसणाऱ्याला पाणी पिण्याची भीती वाटते तिला आम्ही पूर्ण गुण देणार नाही.

चाकाच्या खुर्चीने आत जाणे कठीण आहे. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १:१२ प्रमाणे १.८ मीटर लांब उतार लागतो. एवढी जागा जवळजवळ प्रत्येक प्रवेशापाशी आहे; तिथे दुचाकी उभ्या असतात. उभी दुचाकी २ मीटर लांब आणि पाऊण-एक मीटर रुंद, म्हणजे एका बैठकीपेक्षा थोडी जास्तच जमीन. जागेची किंमत कळायला याहून चांगले परिमाण नाही. येणाऱ्यांना आमचा सल्ला: शुक्रवारी गाडी आणू नका. कदंबचे (गोव्याच्या सरकारी बससेवेचे) बसस्थानक चालत जाण्याइतके जवळ आहे.

प्लेसमेकिंगचा विचार इथपर्यंत कसा आला आणि पुढे कुठे घसरला, तेही सांगितले पाहिजे, कारण त्याचे परिणाम आपल्याच गावांत दिसतात. व्हाइट यांच्या कामातून १९७५ मध्ये प्रोजेक्ट फॉर पब्लिक स्पेसेस ही संस्था निघाली. तिने चार प्रश्न रूढ केले: तिथे पोहोचता येते का, बरे वाटते का, करण्यासारखे काही आहे का, आणि माणसे एकमेकांना भेटतात का. प्रश्न चांगले होते आणि अजूनही आहेत. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पार्किंगच्या एका जागेवर दोन तासांसाठी हिरवळ आणि बाक मांडला गेला, २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवे रस्ता खुर्च्या टाकून मोटारींना बंद झाला, आणि आधी स्वस्तात करून पाहा मग पक्के करा ही पद्धत सगळीकडे पसरली. पण ती पसरताना ‘करून पाहा’ गळून पडले आणि रंग राहिला. भिंतीवर चित्रे, शहराच्या नावाची मोठी अक्षरे, दिव्यांच्या माळा, रंगवलेला रस्ता. गोव्यात रस्त्यावरचा रंग जूनच्या पावसात टिकत नाही. चित्र काढलेल्या भिंतीपुढे लोक फोटो काढतात आणि निघतात, त्यांच्या पाठी तिथे बसणारे कुणी नसते. पणजीची २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली तेव्हापासून प्लेसमेकिंग हा शब्द आपल्याकडे निविदांतही दिसू लागला आहे. निविदेत चौरस मीटर फरसबंदी मोजता येते, शुक्रवार मोजता येत नाही.

याला उतारा फार जुना आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि पुढे कित्येक शहरांत पायी फिरून त्यांनी अहवाल लिहिले. आधी पाहणी, मग निदान, मग जेवढी गरज तेवढीच शस्त्रक्रिया, हा त्यांचा क्रम. रुंद रस्ता काढण्यासाठी वस्ती पाडण्याऐवजी दोन-चार पडीक घरे काढून आतल्या आत मोकळा चौक करायचा. म्हापशाच्या बाजाराचे काही करायचेच असेल तर आम्ही हाच क्रम सुचवतो, आणि त्याला चार शुक्रवार पुरतात.

पहिल्या शुक्रवारी फक्त नोंद. सकाळी ७, ९, ११, २ आणि ५ वाजता प्रत्येक बैठक नकाशावर टिंबाने दाखवायची, माल आणि गाव लिहायचे. सहा ठिकाणी प्रत्येकी १० मिनिटे दोन्ही दिशांची माणसे मोजायची आणि आकड्याला गल्लीच्या वापरात असलेल्या रुंदीने भागायचे. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या रुंदीने नाही, ही चूक सर्रास होते. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांच्या मोजणीनुसार दर मीटर रुंदीमागे मिनिटाला १३ माणसे ही आरामात चालण्याची वरची मर्यादा. त्यापुढे माणसे आपोआप येणारी आणि जाणारी अशा रांगांत विभागली जातात आणि कुणाला थांबता येत नाही. दुसऱ्या शुक्रवारी पहाटे चुन्याच्या रेघा मारायच्या: बैठकीची कड, २.७ मीटरची गल्ली, दारापाशी पाच मीटर मोकळे. कुणाला हलवायचे नाही, फक्त रेघ. बरेच लोक स्वतःच रेघेमागे बसतात, कारण शेजारणीने अतिक्रमण करू नये हे प्रत्येकीला हवेच असते. तिसऱ्या शुक्रवारी एकच रांग हलवायची, सोपो माफ करून. चौथ्या शुक्रवारी पुन्हा तीच मोजणी, त्याच वेळांना. फरक आकड्यांत दिसला तरच सिमेंट.

आणि मजले चढवू नयेत. बाजाराच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की वरच्या मजल्याचा प्रस्ताव येतोच. २५-३० किलोची टोपली डोक्यावर घेऊन जिना चढता येत नाही, आणि अर्धा किलो भेंडीसाठी गिऱ्हाईक चढत नाही. वरचा मजला वर्षभरात गोदाम होतो. वर न्यायचेच तर ज्यांच्याकडे लोक ठरवून जातात ते न्यावेत: शिंपी, घड्याळ दुरुस्ती, कार्यालये. जमिनीवरचे जमिनीवरच राहिले पाहिजे.

कायद्याबद्दल एक गोष्ट, कारण ती सहसा बोलली जात नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्री समितीत किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि दर पाच वर्षांनी किमान एकदा पाहणी सांगितली आहे. चांगला कायदा आहे. वेळ वाटून जागा वापरण्याची सोयही त्याच्या चौकटीत बसते. पण पाहणी मंगळवारी झाली तर शुक्रवारची बाई अस्तित्वातच नाही. ती पाहणी शुक्रवारीच झाली पाहिजे, आणि एकदा नाही: एकदा मेमध्ये पुरुमेंताला, एकदा चतुर्थीच्या आधी माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या रानफळांचा आणि फुलांचा) बाजार भरतो तेव्हा, आणि एकदा नाताळाच्या आधी. कवंडळ, तोरिंगण, सुपारीचे शिपटे घेऊन येणारी माणसे वर्षातून दोन-तीन दिवसच येतात. त्यांना ओळखपत्र मिळणे सोडाच, मोजलेही जात नाही.

गोव्याला नियोजनात लोकांचा आवाज नवा नाही. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या रेट्यामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला आणि २०२१ च्या आराखड्यासाठी गावागावांतून सूचना घेतल्या गेल्या. पण ती सगळी रचना राहत्या गावाच्या हिशेबाने आहे. बाजारकरीण राहते गावात आणि बसते शहरात. तिच्या ग्रामसभेत म्हापशाचा विषय येत नाही, आणि म्हापशाच्या वॉर्डात तिचे मत नाही. जिच्यामुळे ही जागा जागा झाली तिला विचारायला कुठलाच कागद नाही, आणि तो कागद तयार करणे हे आमच्या मते फरसबंदीपेक्षा तातडीचे काम आहे.

एकूण पाहता पोहोच, विभागांची रचना आणि माणसांची वर्दळ यांसाठी हा बाजार गोव्यात आम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवतो. पाणी, शौचालय, बैठका आणि मेमधली सावली यांत तो नापास आहे. आधी न पाहिलेल्यांनी मेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या शुक्रवारी, सकाळी आठला यावे, सुटे पैसे आणि कापडी पिशव्या घेऊन. वाट्याने घेतलेल्या भाजीवर घासाघीस करू नये. वाटा उचलायच्या आधी एक जुडी जास्त मागावी, ती सहसा मिळते. केळी घडाने घ्यायची असतील तर शेवटी, नाहीतर दोन तास वागवावी लागतात. आणि जमले तर दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याच वेळी परत या. जिथे तुम्ही वांगी घेतलीत तिथे किती दुचाकी उभ्या आहेत ते मोजा.